पांढरीचे मागचे ड्रम

रविवारी जोतिबाच्या डोंगरावर गाडी लावायला जागा मिळाली की निम्मं दर्शन झाल्यासारखं वाटतं. एप्रिलअखेरच्या त्या रविवारी मिळाली ती नेमकी उतारावर. हॅन्डब्रेक ओढला. दहा-अकरा खटके वाजून दांडी पार वर आली. खाली उतरून दार लावतोय तोवर गाडी हळूच, कुणाला न विचारता, मागं सरकायला लागली. शेजारच्या नारळवाल्यानं पळत येऊन मागच्या चाकाखाली दगड सारला. "पावनं, गिअरात तरी घालून ठेवायची न्हवं!" बायको काही बोलली नाही. परत निघताना तिनं तो दगड उचलून डिकीत ठेवला आणि मला सगळं समजलं.

गाडी २०१० सालची छोटी हॅचबॅक. घरात तिला पांढरीच म्हणतात, गोठ्यातल्या जनावराला म्हणावं तसं. दोनच महिन्यांपूर्वी एका गॅरेजात "मागचे ब्रेक बघा" असं सांगून सर्व्हिसिंग केलं होतं. त्यांनी बघितलं म्हणजे हॅन्डब्रेकची केबल ताणून दिली. आठवडाभर दांडी पाच खटक्यांवर आली, मी खूश. पुन्हा होतं तेच.

मामांना सांगितल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. कोल्हापूरच्या उद्यमनगरात पस्तीस वर्षं टर्नर, म्हणजे लेथवर धातू फिरवून कापणारे कारागीर होते, आता निवृत्त. "केबल ताणली म्हंजे ब्रेक झाला व्हय? आत लायनर झिजंल तसं अंतर भरून काढायला ॲडजस्टर असतोय. केबल ताणून ठेवली की आतली तरफ पूर्ण मागं येत न्हाई, ॲडजस्टरनं काम करायचं कसं? वरनं दुखणं झाकलं, आत रोग तसाच. खोल आणि बघ."

मागच्या ड्रमचं हेच होतं. ड्रम चाकाबरोबर फिरतो, त्याच्या आत दोन अर्धगोल शू असतात, आणि शूवरचे लायनर ड्रमला आतून घासले की चाक थांबतं. गाडी थांबताना वजन पुढं झुकतं, म्हणून थांबवायचं बहुतेक काम पुढच्या डिस्क करतात. मागचे ब्रेक निम्मे मेले तरी रोजच्या दसरा चौक ते राजारामपुरी चालवण्यात कळत नाही. पुढचे पॅड चाकाच्या फटीतून निदान दिसतात. मागचा ड्रम म्हणजे झाकण लावलेलं पातेलं, आत आमटी आहे का करपलंय ते झाकण काढल्याशिवाय कळायचं नाही. हॅन्डब्रेक मात्र फक्त मागच्याच चाकांवर चालतो, म्हणून पहिली बोंब त्याची.

मेच्या पहिल्या शनिवारी सकाळी सातला सुरुवात केली. सपाट अंगण, पुढच्या चाकांना दोन्हीकडून विटा, गाडी पहिल्या गिअरात, हॅन्डब्रेक पूर्ण सोडलेला आणि केबलचा नट ढिला. मागून जॅक लावून गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर घेतली. नुसत्या जॅकवर गाडीखाली हात घालू द्यायला मामा तयार नव्हते, आणि ते बरोबरच.

चाक काढलं तर रिमच्या आतल्या बाजूला गुलाल. ब्रेकच्या काळ्या भुकटीत मिसळून जांभळट झालेला, बोटानं खरवडला तर खाली पुन्हा गुलाबी. जोतिबाचं इतकं जवळून दर्शन मला देवळातही झालं नसेल.

आमच्या गाडीत ड्रम हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्यावर बसतो आणि चपट्या डोक्याच्या दोन स्क्रूंनी धरलेला असतो. हे स्क्रू म्हणजे दिसायला किरकोळ आणि वागायला थोरले. २०२१ च्या जुलैत पंचगंगेनं ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली तेव्हा पांढरी रमणमळ्यात दीड दिवस निम्म्या चाकापर्यंत पाण्यात उभी होती. तेव्हापासूनचा गंज त्या दोन डोक्यांत साठलेला. आदल्या रात्री गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवला होता. साधा स्क्रूड्रायव्हर लावला असता तर खाचा गेल्याच असत्या. मामांनी ठोक्याचा स्क्रूड्रायव्हर आणला होता, वरून हातोडा मारला की टोक दाबत दाबत फिरतं. चौथ्या ठोक्याला पहिला सुटला. दुसऱ्याचं डोकं गेलंच. मग ड्रिलनं डोकं उडवलं आणि मागं राहिलेला दांडा ड्रम काढल्यावर पकडीनं फिरवून बाहेर घेतला.

तरीही ड्रम हलेना. झिजलेल्या ड्रमच्या काठाशी एक न झिजलेली कड राहते, तिच्यात आतले लायनर अडकतात. पाठीमागच्या ताटलीतलं रबरी बूच काढून, भोकातून स्क्रूड्रायव्हर घालून ॲडजस्टरचं दातेरी चाक मागं फिरवलं. मग ड्रमवरच्या दोन आटेदार भोकांत ८ मिमीचे बोल्ट घालून आळीपाळीनं अर्धा-अर्धा फेरा आवळत गेलो. एकदम "टण्ण" आवाज झाला आणि ड्रम सुटून हातात आला.

डावीकडचं उघडल्या उघडल्या कारण दिसलं. ऑइलच्या दाबानं शू बाहेर ढकलणारा व्हील सिलिंडर गळत होता. त्याच्या टोकाची रबरी टोपी बोटानं उचलली तर आतून ब्रेक ऑइल ओघळलं, आणि खालचा लायनर तेलानं माखून काळा, चकचकीत झालेला. तेल प्यायलेला लायनर पुसून, भाजून, घासून परत घालणारे लोक मी बघितलेत. घालू नये. तेल आतपर्यंत मुरलेलं असतं, ड्रम तापला की पुन्हा वर येतं. उजवीकडचा कोरडा होता पण पुढचा लायनर दीड मिलिमीटरवर आलेला, मागचा जवळजवळ तीन. हा फरक दोष नव्हे. गाडी पुढं जाताना पुढचा शू ड्रमच्या फिरण्याबरोबर आपोआप आत ओढला जातो, जास्त राबतो, जास्त झिजतो. राबणाराच झिजतो, घरातही तसंच असतं म्हणा.

दोन्ही ड्रमना आतून ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या खाचा. मामांनी नख फिरवून बघितलं आणि म्हणाले, "लेथला न्यावं लागतंय. दोन्ही ड्रम ने, पर आतलं सामान मात्र एका टायमाला एकाच बाजूचं खोल. दुसरी तशीच ठेव. विसरलास की तिकडं बघायचं." एवढं सांगून ते जेवायला घरी गेले.

आणि मी, मोबाईलवर फोटो काढलेत म्हटल्यावर कशाला वेळ घालवायचा, असा विचार करून दोन्ही बाजू खोलून टाकल्या. स्प्रिंगा, पिना, वाट्या, तरफा, दोन ॲडजस्टर, सगळं एकाच परातीत. काळी भुकटी फुंकून उडवायची नाही एवढं मात्र पाळलं. जुन्या लायनरांत ॲसबेस्टॉस असायचा आणि नवी भुकटीही काही छातीला पौष्टिक नाही. सगळं साबणाच्या पाण्यानं ओलं करूनच धुतलं, मग ब्रेक क्लीनर मारून वाळवलं. रॉकेलला हात लावला नाही, खनिज तेलानं ब्रेकची रबरं फुगतात.

दुपारी चारला ड्रम पोत्यात घालून उद्यमनगर. मामांच्या जुन्या शेजाऱ्याचा शेड, आत एक म्हातारा लेथ, भिंतीवर अंबाबाईचं कॅलेंडर. मामा बरोबर होते म्हणून चहा आधी आला. ड्रम कुठल्या गाडीचा ते कुणी विचारलं नाही. टर्नरनं तो उलटा केला, आतल्या अंगाला ओतलेलं अक्षर अंगठ्यानं पुसलं आणि वाचलं: कमाल १८२. नवा असताना १८० मिलिमीटर. आमचा डावा सगळ्यात खोल खाचेत १८०.७ भरला, उजवा १८०.४. "दोन्ही १८१ करूया. एक ल्हान एक मोठा ठेवला तर गाडी एका अंगाला वडणार."

मग त्यानं ड्रम लेथच्या चकात, म्हणजे फिरत्या जबड्यात धरला आणि वाकडेपणा दाखवणारी डायल लावून पाच-सात मिनिटं नुसता सरळ करत बसला. मला वाटलं उगाच वेळ काढतोय. मामा हळूच म्हणाले, "ह्योच खरा कट. पुढचं काय, मशीन करतंय." ड्रम वाकडा धरला तर कापून गुळगुळीत होईल, पण अंड्यासारखा होईल, आणि मग ब्रेक दाबला की पेडल पायाखाली धडधडतं.

बीड, म्हणजे ओतीव लोखंड, कापताना बघण्यासारखं असतं. पोलादाची कशी लांब, निळसर, गुंडाळत जाणारी साल निघते, तसं इथं काही नाही. बीड भुकटी होऊन गळतं, काळी, मऊ, काजळासारखी. पाणी नाही, तेल नाही, कोरडंच. बिडात ग्रॅफाइटच्या पापुद्र्या असतात, त्याच वंगणाचं काम करतात. ब्रेकचा ड्रम बिडाचा का करतात तेही त्यातच आहे, उष्णता चांगली वाहून नेतो आणि थरथर जिरवतो. पहिल्या कटात खाचांचे डोंगर गेले, दऱ्या राहिल्या. दुसऱ्या कटाला दऱ्याही पुसल्या. काठाची कड वेगळी उतरवली. टर्नरच्या नाकाखाली काळी मिशी उमटलेली, माझ्याही असणार, कारण घरी आल्यावर बायको हसली.

"शिरोलीच्या फौंड्र्यांत असले किती वतून जात्यात म्हाइत हाय?" मामा परतताना म्हणाले. "आनि आपल्या गावची मान्सं ड्रम घासला की टाकून नवा घेत्यात. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा घडवला न्हवं ह्या गावात? तुला एक ब्रेक घडवाय येत न्हाई?" घडवायचा नव्हता, जुळवायचा होता. पण मामांच्या तोंडी कोण लागणार.

लायनरचा संच, दोन व्हील सिलिंडर, स्प्रिंगांचा संच आणि ब्रेक ऑइल स्टँडजवळच्या दुकानातून आणलं. सिलिंडरला नुसतं रबर किट घालून भागतं का, असा मोह झाला होता. पण आतल्या भिंतीवर गंजाचे खड्डे असले तर नवी रबरं महिनाभरात फाटतात, आणि आमच्यात ते होते. गळत होता एकच, बदलले दोन्ही.

सिलिंडर काढताना खरी कसोटी लोखंडी पाईपच्या नटाची. साध्या पान्यानं तो गोल होतो, आणि जास्त जोर केला तर नटाबरोबर पाईपही पिळला जातो. तोंडाला खाप असलेला रिंग पाना मिळतो, पाईपवरून सरकवून नटाच्या चहूबाजूंनी बसतो. तो विकत घेतला, १० मिमीचा. दोन्ही नट सुटले, पाईप वाचले. त्या पान्याचे पैसे तिथंच वसूल.

रविवारी सकाळी जोडणी. पाठीमागच्या ताटलीवर शू टेकतात ते सहा उंचवटे तारेच्या ब्रशनं घासून त्यांवर उष्णता सोसणारं ग्रीस, बोटाच्या टोकावर मावेल इतकंच. हबचं तोंडही घासलं, तिथं गंजाची खपली राहिली तर लेथवर सरळ केलेला ड्रम पुन्हा वाकडा बसायचा. शूला धरणारी पिन मागून बोटानं दाबायची, पुढून स्प्रिंगवरची वाटी पकडीनं दाबून पाव फेरा फिरवायची. हात तीन लागतात, असतात दोन.

वरची मोठी स्प्रिंग अडकवताना पकड निसटली. स्प्रिंग माझ्या कानाजवळून "सूं" करत गेली ती थेट शेजारच्या काकूंच्या वाळवणात. मे महिना, चटणीसाठी संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची दोन साड्यांवर पसरलेली. लाल मिरचीत शोधायची गंजक्या रंगाची स्प्रिंग. काकू, मी आणि काकूंची नात तिघं शिंकत शिंकत मिरच्या उलटत होतो. "एवढी महागाची वस्तू हाय का?" काकूंनी विचारलं. चाळीस रुपयांची असेल, पण त्याशिवाय गाडी उभी राहत नाही असं सांगितलं. सापडली. त्यानंतर डोळ्यांना चष्मा लावूनच काम केलं, हे आधी करायला हवं होतं.

ॲडजस्टर हळूहळू वाढवत ड्रम घालून बघायचा. फिरवताना लायनर पुसट घासल्याचा आवाज यावा, अडू नये. ही खूण कानाचीच.

मग ब्रेकच्या पाईपांतली हवा काढणं. आमचं स्टिअरिंग उजवीकडं, पेडलनं ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडरही उजवीकडं, म्हणून सगळ्यात लांबचं मागचं डावं चाक आधी. पेडलवर बायको, चाकाखाली मी. पारदर्शक नळी निपलला, म्हणजे व्हील सिलिंडरच्या हवा सोडायच्या तोटीला लावून दुसरं टोक ऑइलच्या बाटलीत बुडवलेलं.

"दाब."

"दाबलं."

"धरून ठेव. सोडू नकोस हं."

"अहो, खाली चाललंय!"

"जाऊ दे. मी घट्ट केल्याशिवाय सोडायचं नाही."

एवढंच, तीस-चाळीस वेळा. आधी बुडबुडे, मग काळ्या चहासारखं जुनं ऑइल, शेवटी स्वच्छ पिवळसर. मध्ये दोनदा ऑइलची टाकी भरली, ती रिकामी झाली असती तर पहिल्यापासून. डॉट ४ दर्जाचं ऑइल घातलं, गाडीला चालतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलं की ती किमान मर्यादा १५५ वर येते. गगनबावड्याच्या घाटात ब्रेक तापलेले असताना आत वाफ झाली तर पेडल सरळ जमिनीला. म्हणून फोडून ठेवलेली अर्धी बाटली स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये.

संध्याकाळी कसबा बावड्याच्या रस्त्यावर चाचणी. ड्रम मोठा झालेला, लायनर नवे, त्यामुळं सुरुवातीला मधल्याच पट्ट्यात टेकतात. चाळीसच्या वेगावरून हळू दाब देत वीस-पंचवीस वेळा थांबलो. हॅन्डब्रेक सहा खटक्यांवर. मी गल्लीत दोघातिघांना सांगूनही टाकलं.

पुढच्या आठवड्यात पेडल रोज केसभर खाली. हॅन्डब्रेक सातवर, मग नऊवर. ऑइलची पातळी तशीच, गळती कुठं नाही. दोनदा पुन्हा हवा काढली, बायकोनं तिसऱ्यांदा पेडलवर बसायला साफ नकार दिला. शेवटी मामांना फोन.

जूनचा पहिला पाऊस लागला होता. अंगणात ताडपत्री बांधून ड्रम काढला. मामांनी काही न बोलता ॲडजस्टर काढून हातात घेतला आणि आतली तरफ ज्या दिशेनं दातेरी चाकाला ढकलते त्या दिशेनं ते बोटानं फिरवलं. स्क्रू लांब व्हायला हवा होता. आखूड झाला.

"दोन्ही बाजू एकदम खोललीस न्हवं?"

मी ताडपत्रीकडं बघितलं.

"डाव्याचा आन उजव्याचा आटा उलटा असतोय. तू ह्याचा त्याला घातलास. ब्रेक वापरंल तसं अंतर भरायच्या ऐवजी गडी वाढवत चाललाय. लई शाना."

मोबाईलमधले फोटो दाखवायला गेलो. फोटोत दोन्ही ॲडजस्टर हुबेहूब सारखे दिसतात. आट्याची दिशा फोटोत कळेल इतक्या जवळून मी काढलेलेच नव्हते. मामांनी खिशातून सेंटर पंच काढला, डाव्या ॲडजस्टरच्या अंगावर एक टिंब मारलं, उजव्याच्या अंगावर दोन. या वेळी एक बाजू पूर्ण झाल्यावरच दुसरीला हात लावला. अडीच तास गेले, त्यातला अर्धा ताडपत्रीवरचं पाणी काठीनं उडवण्यात.

पंधरा दिवस काही बोललो नाही, गल्लीत तर नाहीच. पेडल जागच्या जागी. हॅन्डब्रेक पाच खटक्यांवर, रोज पाचच. मग एका उघडीप मिळालेल्या संध्याकाळी मामांना घेऊन टेंबलाईच्या टेकडीवर गेलो. उतारावर गाडी उभी केली, न्यूट्रलमध्ये, हॅन्डब्रेक ओढला, पण पाय ब्रेकवरच. मामा उतरले, डिकी उघडली, जोतिबाचा तो दगड काढला आणि मागच्या चाकाजवळ एका अंगाला उभे राहिले.

"सोड पाय."

सोडला. आरशात मामा दिसत होते, दगड दोन्ही हातांत, कमरेत वाकलेले. मिनिटभर असंच गेलं. गाडी हलली नाही. मामा सरळ झाले, दगडाकडं बघितलं, आणि तो परत डिकीत ठेवून झाकण लावलं.